नुसतं ‘ओके’ म्हणजे मंजुरी नव्हे! छपाईआधी लेखी होकार घ्याच



फ्लेक्स, लग्नपत्रिका, व्हिजिटिंग कार्ड, पाकिटांची लेबलं, यातलं कुठलंही काम सुरू करायचा विचार असेल, तर आजचा विषय तुमच्यासाठीच आहे. नवीन माणूस पहिला प्रश्न विचारतो, “सर, मशीन कोणतं घेऊ?” माझं मत विचाराल तर मशीन नंतर बघा. या धंद्यात सुरुवातीला पैसा बुडतो तो प्रूफ आणि छपाई यांच्या मधल्या जागेत. ती जागा बंद करायची साधनं तुमच्या खिशातल्या मोबाइलमध्येच आहेत, आणि तीही फुकट.

आधी हिशोब बघा

समजा ५०० पत्रिकांची ऑर्डर आहे, दर १५ रुपये. बिल झालं ७,५०० रुपये. कागद, छपाई, ने-आण मिळून खर्च ६,००० धरा. हातात राहिले १,५००. आता आजोबांच्या नावाआधी चुकून ‘कै.’ पडलं आणि आजोबा तर मांडवात पहिल्या रांगेत बसणार आहेत! पत्रिका पुन्हा छापायला परत ६,००० गेले. म्हणजे एका अक्षराने चार ऑर्डरींचा नफा खाल्ला.

आणि भांडण कशावरून होतं? ग्राहक म्हणतो, “मी तर बरोबर सांगितलं होतं.” तुम्ही म्हणता, “तुम्हीच ओके म्हणालात.” मोबाइल उघडून बघितलं तर चार फोटो पाठवलेले असतात आणि खाली एक अंगठा. हा अंगठा नेमका कोणत्या फोटोला? कुणालाच सांगता येत नाही.

“गावात लेखी मागितलं तर माणसं दुखावतात”

जवळा बाजारसारख्या ठिकाणी धंदा करणारे हे हमखास म्हणतात. ओळखीचा माणूस, त्याला काय लिहून मागायचं? मला हे पटत नाही. जवळा बाजार हे बाजाराचंच गाव. शेतकरी मोंढ्यावर माल घालतो तेव्हा आडत्या त्याला पट्टी देतो ना? वजन, भाव, हमाली, तोलाई सगळं लिहून. दोघांची ओळख वीस वर्षांची असली तरी पट्टी सुटत नाही, आणि पट्टी दिली म्हणून कुणी रागावत नाही. उलट पट्टी चोख असते म्हणूनच ओळख टिकते. प्रूफची मंजुरी म्हणजे आपल्या धंद्यातली पट्टी समजा.

मग करायचं काय?

१) प्रूफ पीडीएफमध्ये, ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा. व्हॉट्सॲपवर साधा फोटो पाठवला की तो दाबला जातो. बारीक अक्षरं, मोबाइल नंबर पुसट होतात आणि ग्राहक न वाचताच पुढे जातो.

२) जी फाइल मशीनवर जाणार, तिचंच प्रूफ काढा. मशीन स्वतःचं नसेल तर फाइल परभणीला किंवा नांदेडला जाते. तिथल्या कॉम्प्युटरवर तुमचा श्रीलिपीचा फॉन्ट नसेल तर अक्षरं फुटतात. म्हणून आधी कोरलड्रॉमध्ये अक्षरं कर्व्ह करा, मग पीडीएफ काढा, मग ग्राहकाला पाठवा. हा क्रम उलटा करू नका.

३) प्रत्येक प्रूफला नंबर द्या. ‘फायनल’, ‘फायनल नवीन’, ‘एकदम फायनल’ ही नावं बंद करा. प्रूफ १, प्रूफ २, प्रूफ ३, बस्स. गूगल ड्राइव्हवर जुन्या आवृत्त्या राहतात, पण साधारण ३० दिवसांनी त्या जाऊ शकतात. त्यामुळे तिच्या भरवशावर न राहता वेगळी फाइल ठेवा.

४) कॅनव्हाची लिंक दुरुस्तीसाठी वापरा, मंजुरीसाठी नको. लिंकवर ग्राहक बरोबर त्या जागेवर शेरा लिहू शकतो, ही फार मोठी सोय आहे. पण लिंकवरचं डिझाइन नंतरही बदलता येतं. होकार घ्यायचा तो न बदलणाऱ्या पीडीएफवर.

५) मंजुरी देणारा माणूस एकच ठरवा. पत्रिका धाकटा भाऊ बघतो, पण नावांचा क्रम आणि मानपान ठरवतात घरातले थोरले. ऑर्डर घेतानाच विचारा, “काका, शेवटचा होकार कुणाचा धरू?”

६) होकार टाइप करून घ्या. व्हॉइस मेसेजवरचं “हो हो, टाक छापून” चालणार नाही. हा मेसेज सेव्ह करून ठेवा:

“दादा, प्रूफ २ पाठवलंय. नावं, तारीख, वेळ, पत्ता आणि मोबाइल नंबर वाचून घ्या. रंगात थोडा फरक पडू शकतो. सगळं बरोबर असेल तर ‘प्रूफ २ मंजूर’ असं लिहून पाठवा. त्यानंतरच्या बदलाचा खर्च वेगळा राहील.”

रंगाचं वाक्य गाळू नका. मोबाइलचा पडदा उजेडाने रंग दाखवतो, छपाई शाईने. पडद्यावरचा झगझगीत भगवा कागदावर तसाच उतरेल याची खात्री कुणी देऊ शकत नाही. आणखी एक: व्हॉट्सॲपवर पाठवलेला मेसेज १५ मिनिटांपर्यंत बदलता येतो. त्यामुळे होकार आला की लगेच स्क्रीनशॉट काढा आणि ऑर्डरच्या फोल्डरमध्ये टाका.

याला कायद्यात किंमत आहे का?

आहे. माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० च्या कलम १०-अ नुसार केवळ इलेक्ट्रॉनिक मार्गाने झाला म्हणून करार नाकारता येत नाही. कोर्टात असा पुरावा द्यायचा तर भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे प्रमाणपत्र लागतं. अर्थात, दोन-चार हजारांसाठी कोर्टात कुणी जात नाही. लेखी होकाराचा खरा उपयोग भांडण सुरू होण्याआधीच मिटवायला होतो.

पण एका ठिकाणी व्हॉट्सॲपवरचा होकार पुरत नाही, हे पक्कं लक्षात ठेवा. निवडणुकीची पत्रकं आणि पोस्टर. लोकप्रतिनिधित्व कायदा, १९५१ च्या कलम १२७-अ प्रमाणे त्यावर मुद्रक आणि प्रकाशकाचं नाव-पत्ता छापावाच लागतो. प्रकाशकाने सही केलेलं आणि दोन ओळखीच्या माणसांनी साक्षांकित केलेलं घोषणापत्र, दोन प्रतींत, आधी घ्यावं लागतं. चुकलात तर सहा महिन्यांपर्यंत कैद, २,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. “आपलाच माणूस उभा आहे” हे कारण तिथे चालत नाही.

लेबलचं कामही असंच जोखमीचं. आपल्या भागात हळद मुबलक, बचत गट पाकिटं बनवून घेतात. निव्वळ वजन, एमआरपी, उत्पादकाचं नाव-पत्ता, एफएसएसएआयचा १४ अंकी नंबर, यातला एक आकडा चुकला तर सगळा माल अडकतो. तिथे ग्राहकाला त्याचं लायसन्स समोर ठेवून एकेक अंक जुळवायला लावा.

शेवटचं सांगतो

लेखी होकार ही ढाल आहे, पण तिच्यामागे लपून काम ढिलं करू नका. प्रूफ पाठवण्याआधी तुम्ही स्वतः एकदा मोठ्याने वाचा. स्पष्ट दिसणारी चूक तुमची असेल तर मंजुरी दाखवत बसू नका, खर्च वाटून घ्या. गावात गिऱ्हाईक असंच टिकतं.

आज एकच काम करा: वरचा मेसेज मोबाइलमध्ये सेव्ह करा आणि पुढच्या ऑर्डरला पाठवा, मग ती ५० व्हिजिटिंग कार्डांची का असेना.