तोंडावर सांगावे

वसतिगृहात एका खोलीत आम्ही तिघे राहतो. सकाळी उठल्याउठल्या एखादा रूम-पार्टनर जवळ येऊन बोलू लागला की बाकीचे तोंड फिरवतात, आणि तो आंघोळीला गेला की हसतात. मित्रहो, मला तरी त्या वासापेक्षा हे हसणे वाईट वाटते.

सकाळचा वास गरीब-श्रीमंत पाहत नाही. झोपेत लाळ कमी सुटते, तोंड कोरडे पडते, जिभेवरचे जंतू अन्नकण कुजवतात आणि गंधकाचे वायू तयार होतात. प्राध्यापकही यातून सुटत नाहीत! रात्री दात घासावेत, जीभ खरवडावी, उठल्यावर खळखळून चूळ भरावी. बहुधा एवढ्याने भागते. दिवसभर वास राहिला तर मात्र दंतवैद्याला हिरड्या दाखवाव्यात.

आमच्या घरी आई नि आजी मिसरी लावतात. मिसरी म्हणजे भाजून वाटलेली तंबाखू. तिने दातांचे भले होत नाही, व्यसन तेवढे लागते. हे त्यांना आजवर कुणी सांगितलेच नव्हते. घरात कॉलेजची पायरी चढलेला मीच पहिला. मग सांगणार कोण? सुट्टीत गेलो की सांगतो. आई ऐकून घेते, आजी हसते. पण नाक मुरडण्यासाठी का आपण शिकतो? मित्रालाही असेच सांगावे, एकटा गाठून, हळू आवाजात.