ज्युलिएट आठवीत आहे

व्हेरोनाच्या कॅप्युलेट घराण्यातली ज्युलिएट, नाटक सुरू होतं तेव्हा चौदा वर्षांचीही नाही. जुलैचा महिना आहे, चौदावा वाढदिवस पंधरवड्यावर आला आहे आणि घरात तिच्या लग्नाची बोलणी सुरू झाली आहेत. आपल्याकडच्या हजेरीपटावर तिचं नाव चढवायचं तर ते आठवीच्या वर्गात चढवावं लागेल. जगातल्या सर्वांत गाजलेल्या प्रेमकथेची नायिका शाळकरी वयाची आहे, आणि तरीही शेक्सपिअरचं हे नाटक ‘कॉलेजच्या मुलांचं’ म्हणून शाळेबाहेरच राहिलं.

ते शाळेत यायला हवं. त्र्यंबकेश्वरसारख्या तालुक्यातल्या हायस्कूलमध्ये, नववी-दहावीच्या वर्गात, मराठीतून आणि काटछाट न करता. शिकवताना बोट मात्र मुलांकडे नव्हे, मोठ्यांकडे वळायला हवं.

यावरचा पहिला आक्षेप ठरलेला आहे. मोबाइल आणि सिनेमा आहेतच, त्यात शाळेनंही प्रेमप्रकरणं शिकवायची का? मुख्याध्यापकांना किंवा आश्रमशाळेच्या अधीक्षकांना वाटणारी ही भीती खरी आहे. निवासी शाळेत शेकडो मुलामुलींची जबाबदारी मोजक्या माणसांवर असते. वहीत एक चिठ्ठी सापडली तरी पालक दारात येतात आणि मुलीची शाळा सुटते. ही भीती उडवून लावण्यासारखी नाही. पण तिचं उत्तर या नाटकाच्या जन्मकथेतच आहे.

शेक्सपिअरनं ही गोष्ट स्वतः रचलेली नाही. १५६२ मध्ये आर्थर ब्रूक या कवीनं ती इंग्रजीत दीर्घकाव्याच्या रूपात सांगितली होती. त्याच्या प्रस्तावनेचा सूर कडक आहे: आईवडिलांचं न ऐकणाऱ्या, वासनेच्या आहारी गेलेल्या पोरांचं असंच होतं. सुमारे तीस वर्षांनी शेक्सपिअरनं तीच गोष्ट हाती घेतली आणि हा उपदेश काढून टाकला. ब्रूकच्या काव्यात सोळा वर्षांची असलेली नायिका त्यानं तेरा वर्षांची केली. कित्येक महिन्यांचा घटनाक्रम पाच दिवसांत बसवला. मुलगी जितकी लहान, वेळ जितका कमी, तितकी भोवतालच्या मोठ्या माणसांची जबाबदारी वाढते. त्यामुळे ‘बघा, घरच्यांचं ऐकलं नाही की काय होतं’ असं सांगून जो शिक्षक हे नाटक संपवतो, तो शेक्सपिअर शिकवतच नाही. शेक्सपिअरनं टाकून दिलेला ब्रूक शिकवतो.

वर्गात सर्वांत जास्त वेळ द्यावा असा प्रवेश बाल्कनीचा नाही. तो आहे तिसऱ्या अंकातला पाचवा. मंगळवारची पहाट. रोमिओ नुकताच हद्दपारीच्या वाटेला लागला आहे. आई खोलीत येऊन सांगते, गुरुवारी तुझं पॅरिसशी लग्न. ज्युलिएट नाही म्हणते. वडील येतात, ऐकतात आणि भडकतात. ती गुडघे टेकून एक शब्द ऐकून घ्यायची विनवणी करते. ते तिला फरफटत चर्चमध्ये नेण्याची, घराबाहेर काढण्याची, रस्त्यावर उपाशी मरू देण्याची धमकी देतात. ते गेल्यावर ती आईकडे वळते. आई हात झटकून निघून जाते. मग उरते दाई. हिची स्वतःची लेक सुझन ज्युलिएटच्याच वयाची होती, ती दगावली, आणि हिनं ज्युलिएटला अंगावर पाजून वाढवलं. तीही शहाणपणाचा सल्ला देते की झालं गेलं विसर आणि पॅरिसशी लग्न कर. एवढ्या एका प्रवेशात तेरा वर्षांच्या मुलीसमोर घरातली तिन्ही दारं बंद होतात.

विशेष म्हणजे हा बाप मुळात वाईट नाही. पहिल्या अंकात पॅरिस मागणी घालतो तेव्हा हाच कॅप्युलेट म्हणतो की पोर लहान आहे, अजून दोन वर्षं जाऊ देत, आणि तिची पसंती महत्त्वाची. दोन दिवसांत घरात मृत्यू होतो, वातावरण बिघडतं, स्थळ राजघराण्याच्या नात्यातलं असतं आणि तो शब्द फिरवतो. ‘चांगलं स्थळ चालून आलंय’ हे वाक्य ज्यांनी घरात किंवा शेजारी ऐकलं आहे, त्या मुलींना कॅप्युलेट समजावून सांगावा लागत नाही.

अशा मुली महाराष्ट्रात थोड्या नाहीत. २०१९ ते २०२१ या काळातल्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार राज्यातल्या २० ते २४ वयोगटातल्या जवळपास २२ टक्के स्त्रियांचं लग्न अठरा वर्षांच्या आत झालं होतं. २००६ च्या बालविवाह प्रतिबंधक कायद्यानं असं लग्न ठरवणारे, लावणारे आणि होऊ देणारे सगळेच दोषी ठरतात. दोन वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंडाची तरतूद आहे. राज्यात गावपातळीवर बालविवाह प्रतिबंधक अधिकारी म्हणून ग्रामसेवकाकडे जबाबदारी दिलेली आहे. नागरिकशास्त्राच्या तासाला हे कलम पाठ करून घेतलं तर परीक्षेपुरतं लक्षात राहतं. व्हेरोनात ग्रामसेवक असता तर त्यानं कॅप्युलेटला नोटीस दिली असती का, आणि रोमिओ-ज्युलिएटचं गुपचूप लग्न लावणाऱ्या धर्मगुरू फ्रायर लॉरेन्सवर गुन्हा दाखल झाला असता का, असं विचारलं की वर्ग वाद घालू लागतो. फ्रायरचा हेतू चांगला होता. कायदा हेतूला किती किंमत देतो, हा प्रश्न पंधराव्या वर्षी पडायलाच हवा.

दोन घराण्यांचं वैर ही इटलीतली जुनी गोष्ट आहे, असं नाशिक जिल्ह्यात तरी कुणी म्हणू नये. जून २०१३ मध्ये नाशिक शहरात एका गरोदर तरुणीचा तिच्याच वडिलांनी गळा आवळून जीव घेतला. तिनं जातीबाहेर लग्न केलं होतं. त्यानंतर महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीनं जातपंचायतींना मूठमाती देण्याची मोहीम नाशिकमधूनच उभी केली. २०१६ मध्ये विधिमंडळानं सामाजिक बहिष्काराविरुद्धचा कायदा मंजूर केला आणि जुलै २०१७ पासून तो लागू झाला. त्याच २०१३ सालच्या जानेवारीत शेजारच्या अहमदनगर, म्हणजे आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यात सोनईजवळ तीन दलित तरुणांची हत्या झाली. त्यांतल्या एकाचं सवर्ण मुलीवर प्रेम होतं. हा खटला नाशिकच्या न्यायालयात चालला आणि जानेवारी २०१८ मध्ये सहा जणांना फाशीची शिक्षा सुनावण्यात आली.

या वयाच्या मुलांनी ‘सैराट’ पाहिलेला असतो. नागराज मंजुळेंच्या २०१६ मधल्या या चित्रपटाची गाणी त्यांना पाठ असतात. शेवटाबद्दल मात्र वर्गात कुणी बोलत नाही. रोमिओ-ज्युलिएट शेजारी ठेवलं की बोलायला जागा मिळते. व्हेरोनात मुलं स्वतः मरतात आणि घराणी समेट करतात. आर्ची-परश्याला घरची माणसं मारतात आणि समेट होत नाही. हा फरक का पडला? वैर कुळांचं असलं तर मिटतं आणि जातीचं असलं तर मिटत नाही, असं आहे का? नववीतली मुलं याचं उत्तर शोधू शकतात. त्यांना कुणी विचारलेलं नसतं, इतकंच.

हे नाटक परकं वाटेल, ही शंकाही टिकत नाही. १८६७ मध्ये महादेवशास्त्री कोल्हटकरांनी ‘ऑथेल्लो’ मराठीत आणलं, तेव्हापासून शेक्सपिअर मराठीत नांदतो आहे. १८८२ मध्ये नारायण बापूजी कानिटकरांनी रोमिओ-ज्युलिएटची कथा ‘शशिकला आणि रत्नपाल’ या नावानं मराठी वेशात उभी केली. नाशिकच्या वि. वा. शिरवाडकरांनी ‘मॅकबेथ’वरून ‘राजमुकुट’ लिहिलं, ‘ऑथेल्लो’ मराठीत आणलं आणि ‘किंग लिअर’च्या छायेतून १९७० मध्ये ‘नटसम्राट’ दिला. मंगेश पाडगावकरांनी केलेला ‘रोमिओ आणि ज्युलिएट’चा अनुवाद तर तयारच आहे. इंग्रजीच्या तासाला चार ओळींचा सारांश देऊन भागवण्यापेक्षा मराठीच्या तासाला ही संहिता मोठ्यानं वाचावी. नाटकाची गाठ कानाशी असते.

त्र्यंबकच्या मुलांकडे त्यासाठी लागणारी तयारी शहरी मुलांपेक्षा जास्त आहे. हरसूल, पेठ, सुरगाणा आणि पलीकडे जव्हार-मोखाड्याच्या आदिवासी पट्ट्यात होळीनंतर बोहाडा रंगतो. रात्रभर संबळ वाजतो, देवांची आणि दैत्यांची सोंगं एकामागून एक नाचत येतात. मुखवटा चढला की माणूस बदलतो, हे या मुलांनी डोळ्यांनी पाहिलेलं असतं. रोमिओ शत्रूच्या घरी मेजवानीला शिरतो तो मुखवटा लावूनच. हा प्रवेश त्यांना बाके भिंतीला सरकवून करू द्यावा, आणि मुखवटा कसला असावा हे त्यांनाच ठरवू द्यावं.

मुलींनी ज्युलिएट करावी, हेही महत्त्वाचं आहे. शेक्सपिअरच्या काळात ही भूमिका मुलगे करत, कारण इंग्लंडच्या व्यावसायिक रंगभूमीवर स्त्रियांना जागा नव्हती. याच त्र्यंबक गावात ३० एप्रिल १८७० रोजी जन्मलेल्या दादासाहेब फाळक्यांना १९१३ च्या ‘राजा हरिश्चंद्र’साठी तारामती करायला एकही स्त्री मिळाली नाही, अखेर उपाहारगृहाच्या स्वयंपाकघरात काम करणाऱ्या अण्णा साळुंके यांना साडी नेसवावी लागली. आज त्याच गावातली मुलगी वर्गात उभी राहून ज्युलिएटचा नकार स्वतःच्या आवाजात म्हणू शकते. अनेक मुलींसाठी मोठ्या माणसासमोर ‘नाही’ म्हणण्याची ही पहिली तालीम असेल.

सर्वांत गंभीर आक्षेप शेवटाबद्दलचा आहे. नायक विष घेतो, नायिका खंजीर खुपसून घेते. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०२२ च्या आकड्यांनुसार देशात तेरा हजारांवर विद्यार्थ्यांनी आत्महत्या केली आणि त्यांत महाराष्ट्र पहिला होता. अशा राज्यात हा शेवट निष्काळजीपणे शिकवणं धोक्याचं आहे. प्रेमासाठी मरणं थोर, असा रंग त्याला चुकूनही चढता कामा नये.

त्यासाठी फळ्यावर रविवार ते गुरुवार असे पाच रकाने आखावेत आणि प्रत्येक दिवसाखाली एकच गोष्ट लिहावी: आज कोण मदत करू शकलं असतं? सोमवारी फ्रायरनं लग्न लावण्याऐवजी दोन्ही घरी जाऊन सांगितलं असतं तर? मंगळवारी आईनं ऐकून घेतलं असतं तर? ज्युलिएटचं मरण हे सोंग आहे, असा निरोप देणारं फ्रायरचं पत्र रोमिओला मिळत नाही, कारण साथीच्या संशयावरून घर सील झालेलं असतं आणि निरोप्या आत अडकतो. करोनाच्या दिवसांत सील केलेली घरं पाहिलेल्या मुलांना हे वेगळं समजावून सांगावं लागणार नाही. शेवटी थडग्यात ज्युलिएट जागी होते तेव्हा फ्रायर तिथे हजर असतो, पण पहारेकऱ्यांच्या चाहुलीनं घाबरून तिला एकटी सोडून पळतो. रकाने भरत जातात तसं मुलांना दिसतं की हे मरण अटळ नव्हतं. मर्क्युशिओ, टिबाल्ट, पॅरिस, रोमिओ, ज्युलिएट असे पाच तरुण जीव गेले, आणि प्रत्येक वेळी जवळपास कुणीतरी मोठं माणूस होतं. त्याच फळ्याच्या कोपऱ्यात ‘टेलिमानस’चा १४४१६ आणि चाइल्डलाइनचा १०९८ हे क्रमांक लिहून ठेवावेत आणि तास संपल्यावरही पुसू नयेत.

हे एकट्यादुकट्या उत्साही शिक्षकावर सोडता येणार नाही. पॉक्सो कायद्यानं अठराखालच्या संबंधांना संमतीचा आधार नाही, हे मुलांना स्पष्ट शब्दांत कसं सांगायचं, कुणी वर्गानंतर येऊन स्वतःचं काही बोललं तर पुढे काय करायचं, पालकसभेत आधी काय सांगायचं, याचं प्रशिक्षण लागेल. नवा अभ्यासक्रम आणि नवी पुस्तकं टप्प्याटप्प्यानं येत आहेत. नववीच्या मराठीच्या पुस्तकात ‘बालभारती’नं तिसऱ्या अंकातला हा प्रवेश पाडगावकरांच्या अनुवादात घ्यावा. आदिवासी विकास आयुक्तालय नाशिकमध्येच आहे. त्यानं आश्रमशाळांच्या ग्रंथालयांत पूर्ण नाटकाच्या वर्गभर पुरतील इतक्या प्रती द्याव्यात, आणि पालकसभेला हाच प्रवेश मुलांकडून करवून घ्यावा, कारण तो आधी पालकांनी पाहण्याची गरज आहे. परीक्षेत ‘कोण कोणास म्हणाले’ असं विचारण्याऐवजी ‘त्या मंगळवारी कॅप्युलेटच्या घरी तुम्ही ज्युलिएटची काकू किंवा मामा म्हणून हजर असता, तर काय बोलला असता?’ असा पाच गुणांचा प्रश्न असावा, आणि त्याचं छापील उत्तर कोणत्याही गाइडमध्ये मिळू नये.