चाळ पडण्याआधी तिचे फोटो काढा

सुटीच्या दिवशी गळ्यात कॅमेरा अडकवून मुंबईतल्या जुन्या इमारतींचे फोटो काढीत हिंडणारी मंडळी हल्ली वाढली आहेत. गिरगावातले लाकडी कठडे, ओव्हल मैदानासमोरच्या आर्ट डेको इमारतींच्या गोलाकार गॅलऱ्या, सगळे टिपले जाते. टिपोत बापडे! ओव्हलच्या त्या इमारतींना २०१८ साली युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीतही स्थान मिळाले. आमचा सवाल एवढाच की, त्यांच्याआधी उभ्या राहिलेल्या बीडीडी चाळींकडे हे कॅमेरे किती वेळा वळले?

वरळी, नायगाव, डिलाईल रोड आणि शिवडी मिळून २०७ इमारती. १९२० च्या दशकात इंग्रज सरकारच्या बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने कष्टकऱ्यांसाठी त्या बांधल्या. एका इमारतीत ८० खोल्या, खोली १६० चौरस फुटांची, संडास सामायिक. १९७४ च्या जानेवारीत वरळीच्या दंगलीत याच चाळींनी दगड आणि लाठ्या झेलल्या. त्याच महिन्यात, १० जानेवारीला, पँथर भागवत जाधव मोर्चात शहीद झाले. आणि परळची बीआयटी चाळ? तिथे तर बाबासाहेब १९१२ ते १९३४ अशी बावीस वर्षे राहिले. छत्रपती शाहू महाराज त्यांना भेटायला त्याच चाळीत आले होते.

पुनर्विकासाला आमचा विरोध नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये वरळीच्या पहिल्या ५५६ कुटुंबांना ५०० चौरस फुटांच्या घरांच्या चाव्या मिळाल्या, त्याचा आनंदच आहे. संडासाच्या रांगेत जे कधी उभे राहिले नाहीत, त्यांनी चाळीच्या आठवणीने खुशाल गहिवरावे. आमची काळजी वेगळी आहे. चाळीच्या आवारातला विहार, वाचनालय, समाजमंदिर, निळ्या झेंड्याचा कट्टा हे सर्व वर्गणीतून उभे राहिलेले. सरकारी नकाशात त्याची नोंद असेलच असे नाही. उद्या नव्या वसाहतीत विहाराला जागा मागायला गेलो की साहेब विचारणार, इथे विहार होता याला पुरावा काय? दादरचे आंबेडकर भवन २५ जून २०१६ च्या पहाटे पाडले गेले, तेव्हा ढिगाऱ्याचे फोटो घरोघर पोहोचले. उभ्या भवनाचे, आतल्या बुद्धभूषण छापखान्याचे फोटो आपल्यापैकी किती जणांच्या घरी होते?

म्हणून तरुणांनो, मोबाईल आहे तर वापरा. इमारतीचा क्रमांक दिसेल असा एक फोटो, मग जिना, व्हरांडा, खोली, विहार आतून-बाहेरून आणि देणगीदारांच्या नावांची फरशी. घरात शिरताना मात्र विचारून शिरा. वरळीत आम्ही मोबाईल उचलला तशी एक आजी म्हणाली, "थांबा वकीलसाहेब, आधी बाबासाहेबांची तसबीर पुसू द्या." तो फोटो आमच्याकडे आहे, पदराने पुसतानाचा!

एक कायद्याची गोष्ट. १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियम लागू आहे. त्याच्या कलम ६३ प्रमाणे मोबाईलमधला फोटो कोर्टात द्यायचा तर सोबत ठरावीक नमुन्यातले प्रमाणपत्र लागते. व्हॉट्सअॅपवरून फिरत आलेल्या फोटोतली मूळ तारीख-वेळेची नोंद सहसा उडालेली असते. तेव्हा मूळ फाईल पुसू नका, फोटो काढणाऱ्याचे नाव आणि तारीख वहीत लिहा, एक प्रत विहारात ठेवा. हे काम खोली रिकामी करण्याची नोटीस येण्याआधी करायचे आहे. त्यानंतर माणसे सामान बांधण्यात असतात.