मेर्सेनबुवांची यादी

१४,७५,७३,९५,२५,८९,६७,६४,१२,९२७.

घाबरू नका, ही कुणा पुढाऱ्याच्या खात्यातली शिल्लक नव्हे. सदुसष्ट दोन एका रांगेत मांडून त्यांचा गुणाकार करायचा आणि त्यातून एक वजा करायचा, की ही संख्या मिळते. माझ्या टेबलावरचा कॅल्क्युलेटर निम्म्या वाटेतच मान टाकतो.

या संख्येवरून माझे गणितवाल्यांशी भांडण आहे. १६४४ साली फ्रान्समधल्या मेर्सेन नावाच्या धर्मगुरूंनी एका ग्रंथाच्या प्रस्तावनेत जाहीर करून टाकले, की या 'वजा एक' छापाच्या संख्यांपैकी दोनाच्या २५७ व्या घातापर्यंत फक्त अमुक अकरा मूळ आहेत. म्हणजे एक आणि ती स्वतः यांखेरीज कशानेही भाग न जाणाऱ्या. त्यात आमची ही सदुसष्टवालीही होती. पुरावा? छे! बुवांनी सांगितले, संपले. पुढे तपासणीत एवढ्याशा यादीत पाच चुका निघाल्या. दोन संख्या उगाच घुसडलेल्या, तीन गाळलेल्या. तपासणी पुरी व्हायला १९४७ साल उजाडले. आणि तरी या अख्ख्या जातीला नाव कोणाचे? मेर्सेनचे! आमच्या ब्रँचमध्ये याला मेमो मिळतो. (चुका करणारा साहेब असेल तर बढती, पण ते सोडा.)

१८७६ मध्ये ल्यूका या फ्रेंच गणित्याने सिद्ध केले, की ही संख्या मूळ नाही. पण तिचे अवयव कोणते, ते त्यालाही सांगता येईना. ज्याने वर्षअखेरीच्या रात्री तेरीज जुळवली आहे, त्याला हे दुखणे समजावून सांगायला नको. फरक आहे हे दिसते; कुठल्या खात्यात आहे ते पहाटेपर्यंत दिसत नाही.

ते शोधले फ्रँक नेल्सन कोल या अमेरिकन प्राध्यापकाने. ऑक्टोबर १९०३, न्यूयॉर्क, अमेरिकन मॅथेमॅटिकल सोसायटीची बैठक. गृहस्थ फळ्यापाशी गेले. एकीकडे दोनाचा सदुसष्टावा घात काढून एक वजा केला. दुसरीकडे १९,३७,०७,७२१ गुणिले ७,६१,८३,८२,५७,२८७ हा गुणाकार हाताने केला. दोन्ही उत्तरे एकच! अवाक्षर न काढता ते जागेवर जाऊन बसले. सभेने टाळ्यांचा कडकडाट केला म्हणे. अवयव शोधण्यात तीन वर्षांचे रविवार गेले, अशीही कथा सांगतात. (मी आपली नवांची तपासणी करून पाहिली. तिन्ही आकड्यांचे अंक मिळवत गेलात की शेवटी एक उरतो. त्याने काही सिद्ध होत नाही, पण हाताची सवय!)

"याचा उपयोग काय?" असे विचारणारे आता येतीलच. अहो, गुणाकार एका बैठकीत होतो आणि उलट वाटेने अवयव शोधायला वर्षे जातात, याच अडचणीवर १९७७ साली रिव्हेस्ट, शमीर आणि एडलमन या तिघांनी संगणकी निरोपांचे कुलूप बसवले. बँकांचे व्यवहारही त्या कुलपाच्या भरवशावर चालत आले आहेत. तुमची ठेवसुद्धा.

कोलच्या नावाने सोसायटीने पारितोषिक ठेवले, हे मान्य. पण संख्या अजून बुवांच्याच खात्यावर. बाकीच्या साऱ्या त्यांना लखलाभ. ही एवढी कोलच्या नावे वळती करा. व्हाउचर मी लिहून ठेवले आहे, सही तेवढी कुणी गणितवाल्याने करावी.