देवळालीचा ताप आणि आमचे हसू

जुने इंग्रजी लष्करी विनोदपट आता हातातल्या मोबाइलवर येऊन पोहोचले आहेत. नांदेड-लातूरकडील आपल्या कुटुंबांतही ते पाहिले जातात आणि पाहून झाल्यावर वाद रंगतो. एक पक्ष म्हणतो, ‘काळच तसा होता, विनोदाला विनोद समजावे, हसावे आणि सोडून द्यावे.’ दुसरा म्हणतो, ‘असले चित्रपट कायमचे डब्यात बंद करावेत.’ आम्हांला दोन्ही पक्ष मान्य नाहीत. पहिला विचार करण्याचे टाळतो, दुसरा पाहण्याचे टाळतो. आणि मूळ प्रश्नाला दोघेही बगल देतात. हसणारा कोण, आणि हसू कोणाच्या जिवावर, हा तो प्रश्न होय.

१९६८ सालचा ‘कॅरी ऑन अप द खायबर’ घ्या. वायव्य सरहद्दीवरील इंग्रजी पलटणीची ही कथा. त्यातली खिंड वस्तुतः वेल्सच्या डोंगरांतली आहे, आणि त्यातले एतद्देशीय संस्थानिक व सरदार केनेथ विल्यम्स, बर्नार्ड ब्रेस्लॉ या इंग्रज नटांनी रंगवले आहेत. अगदी शब्दशः, चेहऱ्याला रंग फासून. अखेरीस साहेबाच्या बंगल्यावर तोफगोळे पडत असतात, छताचा गिलावा ताटांत कोसळत असतो, आणि साहेबलोक मात्र जेवणाच्या टेबलावरून हलत नाहीत. या प्रसंगाला आम्हीही मनसोक्त हसलो. राज्यकर्त्यांच्या ताठ्याची ही थट्टा त्यांच्याच देशबांधवांनी केली आहे आणि ती अस्सल आहे. परंतु त्याच चित्रपटात संस्थानिकाला ‘खासी’ अशी पदवी दिली आहे, जिच्या उच्चाराचा अर्थ इंग्रजी बोलीत शौचकूप असा होतो. येथे विनोद संपला आणि हेटाळणी सुरू झाली. एकाच चित्रपटात दोन्ही आहेत. म्हणूनच तो पाहावा, आणि पाहताना निवडावे.

‘काळ तसा होता’ या सबबीचे उत्तर आपल्या महाराष्ट्रातच, नाशिकजवळच्या देवळालीत आहे. मायदेशी नेणाऱ्या बोटीची वाट पाहत गोरे शिपाई तेथील छावणीत दीर्घकाळ पडून राहत. त्यावरून वेड लागण्याला इंग्रजीत ‘डूलाली’ हा शब्द रूढ झाला. पूर्वी त्यापुढे आपला ‘ताप’ही ‘टॅप’ होऊन जोडला जाई. दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास तोफखान्यात असलेले जिमी पेरी या देवळालीत शिपायांच्या करमणुकीचे कार्यक्रम करीत. त्याच आठवणींवर त्यांनी डेव्हिड क्रॉफ्ट यांच्यासह ‘इट एन्ट हाफ हॉट मम’ ही मालिका लिहिली, आणि बीबीसीवर ती १९७४ ते १९८१ या काळात चालली. तिच्यातील रंगी राम हा प्रमुख हिंदी सेवक मायकेल बेट्स या गोऱ्या नटाने सावळा रंग लावून साकारला. बेट्स यांचा जन्म झाशीचा आणि त्यांना हिंदुस्तानी येत होती, हे न्यायाने सांगितले पाहिजे. योग्य हिंदी नट मिळत नव्हता, असे समर्थन मात्र टिकत नाही. ढाक्यात जन्मलेले दिनो शफीक त्याच मालिकेत चहावाल्याचे काम करीत होते! नट दारातच उभा होता, हातात किटली घेऊन. मोठी भूमिका गोऱ्याकडे गेली.

कोणी म्हणेल, मराठवाडा निजामाच्या राज्यात होता. साहेबाच्या पलटणीचे आपल्याला काय? नांदेडशेजारच्या हिंगोलीच्या छावणीत १९०३ पर्यंत हैदराबाद कंटिंजंटची फौज होती. अधिकारी इंग्रज, खर्च निजामाचा. त्या खर्चाच्या थकबाकीपोटी १८५३ साली वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात गेला. अशा छावण्यांत पाणी भरणारे आणि घोडे खाजवणारे हात गोरगरिबांचेच असत. पडद्यावरचा पंखेवाला आपल्या पणजोबांचा सोबती आहे.

आणि हसण्याचा विषय होणे म्हणजे काय, हे आपण ख्रिस्ती म्हणूनही जाणतो. ‘बॉबी’ (१९७३) मधला ब्रॅगांझा, ‘जूली’ (१९७५) मधला पिणारा बाप, ‘अमर अकबर अँथनी’ (१९७७) मधला दारूचा अड्डा चालवणारा अँथनी: हिंदी चित्रपटाने ख्रिस्ती माणूस म्हटला की हाती बाटली दिली. मराठवाड्याच्या कोरडवाहू शेतात राबून रविवारी मिस्साला येणारा, मराठीत प्रार्थना करणारा ख्रिस्ती त्या पडद्यावर कधी दिसलाच नाही. याचा आपल्याला राग येतो, यावाच.

वेष चढवून केलेली लष्करी थट्टा आपल्याला खरे तर नवी नाही. उपवासकाळात क्रुसाच्या वाटेवर आपण तिचे स्मरण करतो. राज्यपालाच्या वाड्यात शिपाई जमतात, बंद्याला जांभळा झगा चढवतात, काट्यांचा मुकुट घालतात आणि गुडघे टेकून खोटा मुजरा करतात. त्या शिपायांचाही काळ ‘तसाच’ होता. शुभवर्तमानकारांनी तो प्रसंग झाकून ठेवला नाही आणि हसून सोडूनही दिला नाही. बंद्याच्या बाजूला उभे राहून त्यांनी तो सांगितला. जुना चित्रपट कसा पाहावा, याचा याहून चांगला धडा आम्हांला ठाऊक नाही.

आता बोट स्वतःकडे वळवू. नाताळच्या नाटुकल्यांत देवदूत प्रमाण मराठी बोलतात, ज्ञानी पुरुष छापील मराठी बोलतात. आणि बेथलेहेमचा मेंढपाळ रंगमंचावर येऊन ‘काय करायलाव’ म्हणताच सभागृह खदखदते. लातूर-नांदेडच्या मुलांनी आपल्याच आजोबांच्या बोलीला हसावे, यासारखा करंटेपणा नाही. तारणाऱ्याच्या जन्माची वार्ता पहिल्यांदा मिळाली ती या मेंढपाळांना. पेत्रालाही महायाजकाच्या अंगणात त्याच्या गालीली बोलीवरूनच ओळखले होते. चेहऱ्याला रंग फासणे आणि तोंडी बोली फासणे यांत आम्हांला फरक दिसत नाही.

इंग्रजांच्या चित्रपटांवर न्यायनिवाडा अवश्य करावा. पण येत्या नाताळाची संहिता आधी पुन्हा वाचावी. मेंढपाळाला ‘करायलाव’ म्हणू द्या. आणि एकदा तरी देवदूतालाही म्हणू द्या.