आधी टाकी, मग पत्रा

चांगली धडधाकट पिकअप घ्यायची आणि तिचं पोट रस्त्याला टेकेल इतकी खाली बसवायची, हा अमेरिकन छंद आपल्याला जरा अजबच वाटतो. आपल्या पहिल्याच स्पीडब्रेकरवर अशी गाडी अडकून बसेल. पण तिकडे ही हौस जुनी आहे, आणि माझ्या टीममधला डॅलसचा एक सहकारी सध्या तिच्यात गळ्यापर्यंत बुडालाय. गाडी १९७२ ची शेवरले सी-१०. कॉल संपला की पाच मिनिटं पत्र्यांची चर्चा ठरलेली. फेंडर स्टीलचे की फायबरग्लासचे? मागे बंपर की रोल पॅन? पेट्रोलच्या टाकीचं विचारलं की उत्तर एकच, ते बघू शेवटी.

मला विचाराल तर क्रम उलटा हवा. आधी टाकी, मग पत्रे.

का ते सांगतो. ह्या मॉडेलची मूळ टाकी केबिनमध्येच असते, सीटच्या मागे. साधारण २० गॅलन, म्हणजे पंचाहत्तरेक लिटर पेट्रोल पाठीशी घेऊन बसायचं! म्हणून बरेच हौशी लोक ती काढून मागे हौद्याखाली, फ्रेमच्या दोन रेल्सच्या मध्ये नवी बसवतात. हे योग्यच. पण गाडी खाली आली की तिथली जागाही आक्रसते. टाकीचा तळ फ्रेमच्या खाली आला, तर रस्त्याला आधी घासणार ती टाकीच.

आता पत्रे बघा. पेट्रोल भरायचं तोंड केबिनवर होतं, ते भोक बुजवायला हवं. नवं तोंड हौद्याच्या तळात काढायचं की बाजूच्या पत्र्यात? बाजूला असेल तर पत्रा कापणं आलं. रंग झाल्यावर हे सुचलं तर रंगाचे पैसे पाण्यात.

रोल पॅनचं तर आणखी गंभीर. बंपर काढून तिथे वळणदार पत्रा बसवतात, दिसतो झकास. पण टाकी अ‍ॅक्सलच्या मागे असेल, तर मागून येणारी गाडी आणि पेट्रोल ह्यांच्यामध्ये उरतो तो पातळ पत्रा. रोल पॅन हवाच असेल तर त्याच्या आत, फ्रेमला पक्का जोडलेला जाड स्टीलचा आडवा बार हवा.

ही नसती भीती नाही. फोर्ड पिंटोची टाकी मागच्या अ‍ॅक्सल आणि बंपरच्या मध्ये होती. १९७८ मध्ये सुमारे १५ लाख गाड्या परत बोलवाव्या लागल्या. जनरल मोटर्सने १९७३ च्या मॉडेलपासून पिकअपची टाकी केबिनबाहेर काढली, पण फ्रेमच्या रेल्सबाहेर, बाजूला लावली. बाजूच्या धडकेत आगी लागतात म्हणून खटले झाले, सरकारी चौकशी झाली आणि डिसेंबर १९९४ मध्ये कंपनीने सुरक्षा कार्यक्रमांसाठी ५ कोटी १० लाख डॉलर कबूल केले. मोठ्या कंपन्यांच्या इंजिनिअरांना जागा चुकीची पडली, तिथे आपण गॅरेजमध्ये "बघू शेवटी" म्हणायचं?

जुना, न गंजलेला ओरिजिनल पत्रा रोज मिळत नाही, हा त्याचा मुद्दा मात्र खरा. मिळाला तर उचलून ठेवावा, फक्त कापू-रंगवू नये. फायबरग्लास हलका, गंजत नाही, पण धडकेत वाकण्याऐवजी फुटतो. पुढचे फेंडर त्याचे चालतील. टाकीच्या आसपास मी स्टीलच लावेन. टाकीत बॅफल, म्हणजे आडव्या भिंती हव्यात, नाहीतर वळणावर पेट्रोल एका बाजूला जातं आणि पंप हवा ओढतो. गाडी उलटली तर बंद होणारा व्हेंट व्हॉल्व्हही हवा.

आपल्या धंद्यातही हेच चालतं. स्क्रीनच्या रंगावर तीन मीटिंगा, आणि बॅकअपचं बघू शेवटी. असो. रंग नंतरही बदलता येतो. पैसे संपायच्या आत टाकीचं काम उरकलेलं असावं, एवढंच.