दोन मिनिटांची शांतता

शिष्टाचाराला कायद्याचे पाठबळ क्वचितच असते. रस्त्याने अंत्ययात्रा चालली असता वाटसरू क्षणभर थांबून हात जोडतो, ते काही शिपायाच्या भीतीने नव्हे. जनमनाला जे योग्य वाटते तेच हळूहळू रीत बनते आणि जनमत पालटले की रीतही पालटते. पहिले महायुद्ध १९१८ साली संपले व दुसरे १९३९ साली पेटले. या दोहोंमधील काळात इंग्लंडमध्ये रुजलेली एक रीत या दृष्टीने पाहण्यासारखी आहे.

११ नोव्हेंबर १९१८ रोजी सकाळी अकरा वाजता तोफा थंडावल्या. तोवर एकट्या ब्रिटनचे सात लाखांहून अधिक तरुण कामास आले होते. त्यांचे देह मायदेशी आणू द्यायचे नाहीत, असे सरकारने ठरविले होते; कित्येकांचे तर देहही सापडले नाहीत. फूल वाहायचे तरी कोठे, हा त्यांच्या आईबापांपुढील खराखुरा प्रश्न होता. म्हणून लंडनच्या व्हाइटहॉल रस्त्यावर आधी लाकडाचे व प्लास्टरचे आणि १९२० साली दगडाचे असे एक स्मारक उभारले गेले. त्याचे नाव ‘सेनोटाफ’, म्हणजे रिकामी समाधी.

स्तब्ध राहण्याची कल्पना मात्र दक्षिण आफ्रिकेतून आली. युद्ध चालू असताना केपटाउन शहरात रोज दुपारी तोफ होताच माणसे जागच्या जागी थांबत. सर पर्सी फिट्झपॅट्रिक यांनी ते पाहिले होते. त्यांचा स्वतःचा मुलगा युद्धात पडला होता. युद्ध संपल्यावर त्यांनी ही सूचना लंडनला कळविली. पंचम जॉर्ज बादशहांनी प्रजेला तशी विनंती केली आणि ११ नोव्हेंबर १९१९ रोजी अकराच्या ठोक्याला धावते लंडन थांबले. ट्रॅमगाड्या थबकल्या, पुरुषांनी टोप्या काढल्या. ती केवळ विनंती होती, हुकूम नव्हता. तरीही एवढे अफाट शहर गप्प राहिले.

परंतु सगळे एकाच वेळी गप्प राहिले म्हणजे सगळ्यांच्या मनात एकच विचार होता, असे नव्हे. एखाद्या आईच्या मनात मुलगा असे, सेनापतीच्या मनात विजय असे आणि बेकार सैनिकाच्या मनात उद्याची भाकरी असे. १९२१ साली ब्रिटनमध्ये बेकारांची संख्या वीस लाखांवर गेली होती. पुढच्या वर्षीच्या स्मृतिदिनी लंडनमध्ये बेकार माजी सैनिक सेनोटाफवरून गेले, तेव्हा काहींनी छातीवरच्या पदकांशेजारी गहाणवटीच्या चिठ्ठ्या टाचल्या होत्या. त्यांनी कोणाचा अपमान केला नाही, शांतताही मोडली नाही. मेलेल्यांपुढे मान लवविणाऱ्यांनी जिवंतांकडेही पाहावे, एवढेच त्या चिठ्ठ्या सांगत होत्या. आणि ते सांगणे रास्तच होते.

सकाळच्या या शांततेनंतर लंडनमध्ये त्याच रात्री विजयाचे नृत्यसमारंभ होत. १९२५ साली डिक शेपर्ड या धर्मोपदेशकाने ‘टाइम्स’ पत्रात लिहून आल्बर्ट हॉलमधील अशा समारंभाला हरकत घेतली. समारंभ धर्मादाय कार्याच्या मदतीसाठी होता आणि मरणाच्या दाढेतून सुटलेल्या तरुणांना आनंद करावासा वाटला, तर त्यांना पाषाणहृदयी म्हणणे अन्यायाचे ठरेल. तथापि ज्या घरातली एक खुर्ची कायमची रिकामी झाली, त्या घराला शेजारची वाद्ये कशी वाटत असतील? लोकांत याची मोठी चर्चा झाली. अखेर त्या दिवशीचे नृत्य पुढे ढकलले गेले आणि त्या जागी प्रार्थना झाली. एका पत्राने हे घडले, याचे कारण पत्रातले म्हणणे पुष्कळांच्या मनात आधीच होते. याच शेपर्ड यांनी १९३४ साली, आपण कोणत्याही युद्धाला साहाय्य करणार नाही, अशी प्रतिज्ञा पोस्टकार्डावर लिहून पाठविण्याचे आवाहन देशातील पुरुषांना केले.

मतभेद कपड्यांवरही दिसू लागले. १९२१ पासून सैनिकांच्या मदतनिधीसाठी तांबडे पॉपीचे फूल विकले जाई. १९३३ साली सहकारी चळवळीतील स्त्रियांनी पुन्हा युद्ध नको म्हणून पांढरे फूल काढले. काहींना तो मृतांचा अवमान वाटला. वस्तुतः दोन्ही फुलांमागे दुःख एकच होते.

या युद्धासाठी हिंदुस्थानातून दहा लाखांहून अधिक माणसे परदेशी गेली होती आणि मेसोपोटेमियात मराठा पलटणीही लढल्या होत्या. आपल्याकडे दरवर्षी ३० जानेवारीला, महात्मा गांधींच्या पुण्यतिथीस, अकरा वाजता दोन मिनिटे स्तब्ध उभे राहण्याचा प्रघात आहे, तो याच रीतीच्या वळणाचा. दोन मिनिटांचा काळ लहान खरा. पण शेजारी उभ्या असलेल्या मुलाचे मन त्या वेळी कोठे असेल, हे कोणास सांगता येईल?

इंग्लंडमध्ये ही शांतता वीस वर्षे अखंड पाळली गेली. १९३९ च्या नोव्हेंबरात मात्र सार्वजनिक समारंभ झाला नाही. दुसरे महायुद्ध सुरू होऊन दोन महिने लोटले होते. शांततेची सूचना देणारे बार या वेळी उडविले असते, तर विमानांचा हल्ला आला असे समजून लोक आसऱ्याकडे धावले असते.